नव्याण्णव टक्के कशाचे?

कोविडच्या साथीनंतर अतिनील दिव्यांनी हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती वाढल्या. ‘९९ टक्के जंतूंचा नाश’ हे वाक्य त्यांत बहुधा असतेच. अशा आकड्याकडे कसे पाहावे हे समजून घेण्यासाठी आम्ही येथे एका गाजलेल्या प्रयोगाची चिकित्सा करीत आहोत. कॅनडातील माँट्रियल शहरात डिक मेन्झीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २००३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

वातानुकूलन यंत्रातील थंड नळ्यांवर हवेतील बाष्पाचे पाणी होते. त्या ओलाव्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात. पाऱ्याच्या बाष्पाच्या दिव्यातून निघणारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्यांच्या डीएनएची मोडतोड करतात. म्हणून तीन कार्यालयीन इमारतींत हे दिवे हवा खेळवणाऱ्या यंत्रणेतच बसवले गेले. बारा आठवडे दिवे बंद, मग चार आठवडे चालू, असे तीनदा केले. ७७१ कर्मचाऱ्यांनी आपल्या तक्रारी प्रश्नावलीत नोंदवल्या. दिवे केव्हा चालू आहेत हे त्यांना सांगितलेले नव्हते. ही रचना खरोखर उत्तम आहे, कारण येथे त्याच माणसांची तुलना त्यांच्याशीच होते आणि मनाच्या समजुतीचा परिणामही टळतो.

निष्कर्षात ९९ टक्के हा आकडा आहे, पण तो यंत्रणेतील ज्या पृष्ठभागांवर किरण पडत होते त्यांवरील जंतूंचा आहे. कर्मचारी श्वासात घेत होते त्या हवेचा तो नव्हे. शिवाय त्याची विश्वासमर्यादा ६७ ते १०० अशी रुंद आहे.

आता तक्रारींकडे वळू. कामाशी निगडित तक्रारींसाठी शक्यता-गुणोत्तर ०.८ आले. याचा अर्थ सरळ ‘२० टक्के माणसे बरी झाली’ असा होत नाही. समजा, शंभरांपैकी ५० जणांना तक्रार होती. शक्यता ५० भागिले ५०, म्हणजे १. ती ०.८ झाली, तर तक्रार करणारे सुमारे ४४ उरतात. या गुणोत्तराची विश्वासमर्यादा ०.७ ते ०.९९ आहे. गुणोत्तर १ असणे म्हणजे काहीच परिणाम नसणे, आणि वरची मर्यादा त्याला जवळजवळ टेकली आहे. श्वसनाच्या तक्रारींत मात्र फरक अधिक स्पष्ट होता (०.६).

आम्हाला खटकते ते पुढेच. कधीही धूम्रपान न केलेल्यांत स्नायू व सांध्यांच्या तक्रारीही कमी झाल्याचे दिसले (०.५). नळ्यांवरील बुरशीचा अंगदुखीशी संबंध काय? अनेक लक्षणे आणि अनेक गट तपासले की एखादा फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. असे निष्कर्ष पुन्हा तपासल्याशिवाय स्वीकारू नयेत.

प्रयोग चांगला आहे. त्याच्या आधारे नको तेवढे सांगणे वाईट. साथीचा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाणे थांबते का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. पंखे आणि खिडक्या असलेल्या आपल्या वर्गात तर थंड नळ्याच नाहीत. तेथे पहिला उपाय खिडक्या उघडण्याचा. २५४ नॅनोमीटरचा उघडा दिवा वर्गात लावल्यास डोळ्यांना आणि त्वचेला इजा होते, हेही विसरू नये.

शिक्षकांनी एखादी जाहिरात वर्गात आणावी आणि विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारू द्यावेत: टक्के कशाचे, मोजले कोठे आणि तुलना कशाशी?