काळ्या पट्टीचा मोह

वाद्याची परीक्षा कानाने करावी असे आपण म्हणतो खरे. पण दुकानात पाऊल टाकताच कानांच्या आधी डोळेच पुढे होतात. विजेच्या गिटारीच्या बाबतीत हे डोळे हटकून एका अरुंद पट्टीवर स्थिरावतात. दांडीवर बसवलेली, जिच्यात पडदे ठोकलेले असतात, ती ही पट्टी. ती काळसर शिसवी असली की गिऱ्हाईक प्रसन्न. जरा फिकट दिसली की त्याच्या कपाळाला आठी. या दिवाळीत ज्यांच्या घरी मुलासाठी किंवा मुलीसाठी अशी गिटार यायची असेल, त्यांनी या आठीचा थोडा विचार करावा.

अर्धपोकळ गिटारीचेच उदाहरण घेऊ. पोकळ गिटारीचा नाद गोड. पण आवाज चढवला की ती मंडपातल्या कर्ण्यासारखी कोकलू लागते. भरीव गिटार कोकलत नाही, पण तिच्यात पोकळीचा ओलावा कमी. १९५८ साली अमेरिकेतील गिब्सन कंपनीने, टेड मॅकार्टी तिचे प्रमुख असताना, 'ईएस-३३५' ही गिटार काढून हा तंटा मिटवला. दोन्ही बाजूंना पोकळी आणि मधोमध उभा मेपलचा भरीव ठोकळा, अशी ही तडजोड. आणि तिचे अंग कसले? मेपल आणि पॉप्लर यांचे पातळ थर चिकटवून केलेले; म्हणजे ज्याला आपण प्लायवूड म्हणून नाक मुरडतो त्याच जातीचे! ज्या वाद्याचे कूळ प्लायवूडचे, त्याच्या पट्टीच्या सोवळेपणाबद्दल इतका आग्रह धरावा, यात मौज आहे.

या पट्टीला पहिला मान मिळाला तो ब्राझीलच्या शिसवाला. तो वृक्ष इतका तोडला गेला की १९९२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ बंदीच आली. मग भार पडला आपल्या सह्याद्रीतल्या शिसवावर, ज्याचे पलंग आणि कपाटे जुन्या वाड्यांतून आजही पाहायला मिळतात. २०१७ साली शिसवाच्या साऱ्या कुळावर व्यापाराचे निर्बंध आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून बरीचशी सूट मिळाली. पण तोवर कारखानदार दुसरीकडे वळले होते. कोणी दक्षिण अमेरिकेतले पाऊ फेरो घेतले, कोणी अक्रोड, तर कोणी राळेत भिजवलेल्या कागदाचे थर दाबून केलेले रिचलाइट. एपिफोनच्या ईएस-३३५ वर आला तो 'इंडियन लॉरेल'. नाव मोठे परदेशी. पण हा दुसरा तिसरा कोणी नसून आपला ऐन! मगरीच्या पाठीसारखी साल असलेला, कोकणात घराच्या खांबांना लागणारा.

या बदलाने आवाज बिघडला काय? तार दाबली की ती टेकते धातूच्या पडद्यावर; आणि पिकअपचा चुंबक ऐकतो तो पोलादी तारेचे कंपन. खालच्या लाकडाचा वाटा शून्य आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पण तारा, पिकअप आणि वाजवणाऱ्याची बोटे यांच्यापुढे तो फार लहान. साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारीवर लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडांच्या असलेल्या सहा गिटारी बावन्न वादकांनी मंद उजेडात, डोळ्यांवर काळे चष्मे लावून वाजवल्या. महाग आणि स्वस्त लाकडांत त्यांना म्हणण्यासारखा फरक लागला नाही. तिथे ही गत, तर चुंबकावर ऐकल्या जाणाऱ्या वाद्याच्या पट्टीची काय कथा? शिवाय फेंडर कंपनी १९५० पासून फिकट मेपलच्या दांडीवरच पडदे ठोकत आली. पुढे तिने शिसवी पट्टी आणली, त्यामागे मेपलवरचे व्हार्निश झिजून दांडी मळकट दिसे, हेही एक कारण होते. म्हणजे शिसवाचा एक मोठा गुण सुरेलपणा नव्हे, तर मळखाऊपणा!

याचा अर्थ सारी लाकडे सारखीच, असा नव्हे. ऐन कठीण आहे, पण वाळवायला अवघड. नीट मुरला नाही तर चिरतो. त्याचा पोत भरड, आणि तेल न लावल्यास तो रुक्ष दिसतो. लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. आकसले की पडद्यांची टोके बाहेर येऊन बोटाला टोचतात. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या हिवाळ्यात हे विशेष जाणवते. रिचलाइटला हा त्रास फारसा नाही. त्याला कागद म्हणून हिणवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. तेव्हा गिटार घेताना पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवावा, प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार दाबून ती झणझणते का ते ऐकावे, दांडीला डोळा लावून बाक पाहावा. आत ठोकळा आहे की नाही हेही विचारावे. कारण १९६१ ची एपिफोन कॅसिनो बाहेरून ३३५ ची बहीण वाटते, पण आतून संपूर्ण पोकळ!

डोळ्यांच्या या हट्टाची किंमत मात्र दुसरेच कोणी मोजते. कॅमेरूनमध्ये आबनुसाची गिरणी चालवणाऱ्या बॉब टेलर या गिटारकाराने सांगितले होते, की तोडलेल्या दहा झाडांपैकी नऊ केवळ गाभा पुरता काळा नाही म्हणून जंगलात कुजत टाकली जात. पट्टेदार लाकूडही तितकेच चांगले वाजते म्हणून त्याने ते वापरायला सुरुवात केली. माझ्या मते अलीकडच्या काळातला हा सर्वांत मोठा वाद्यविषयक टीकालेख, आणि तो शाईने नव्हे, लाकडात लिहिलेला आहे.

रसिकता म्हणजे दुर्मिळाचा हव्यास नव्हे. शिसव सुंदर आहे, आणि सुंदर आहे म्हणूनच त्यातले थोडे सह्याद्रीत उभे राहू द्यावे. नव्या गिटारीची पट्टी ऐनाची निघाली तर तिला सवतीची लेक समजू नये; ती आपल्याच रानातली आहे.