'संसदेनुसार' म्हणजे कुणानुसार?

एका सेमिनारमध्ये मी स्लाइडवर लिहिलं होतं : 'संसदेनुसार कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू झाला नाही.' गाइडनी विचारलं, "संसदेनुसार म्हणजे नक्की कुणानुसार?" मला उत्तर देता आलं नाही. आणि एप्रिल २०२१ मध्ये मीच इथे विठ्ठलवाडीत शेजारच्या काकांसाठी रात्रभर सिलिंडर शोधत फिरले होते!

रिसर्चला लागणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पक्की करावी. संसद छापते ते सगळं संसदेचं म्हणणं नसतं. चर्चेच्या वृत्तांतात एकेक सदस्य बोलतो. प्रश्नोत्तरांत मंत्रालय बोलतं. कॅगचा अहवाल पटलावर ठेवला जातो, पण तो कॅगचाच असतो. स्थायी समितीच्या अहवालात दोन्ही सभागृहांचे, वेगवेगळ्या पक्षांचे खासदार मिळून बोलतात.

आता माझं ते वाक्य बघा. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी लेखी उत्तर दिलं. त्याचा आशय असा : आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं कळवलेलं नाही. म्हणजे 'कळवलं नाही', 'झाले नाहीत' असं नव्हे. लॅबमध्ये 'सापडलं नाही' आणि 'नाहीच' यातला फरक आपण पहिल्या वर्षाला शिकतो. इथे मात्र मी तो सरळ गिळला.

पवार नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. त्याच नाशिकमध्ये २१ एप्रिलला झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून ऑक्सिजनचा पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण गेल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं. ही गळती, तुटवडा नव्हे, असं कुणी म्हणेल. पण मग मृत्यू कुठल्या रकान्यात टाकायचा, हाच तर खरा प्रश्न आहे, आणि उत्तरात त्याला जागाच नाही. विचारलं तेवढंच आणि मंत्रालयाला सोयीचं तेवढंच सांगणं, हा या प्रकाराचा मूळ दोष.

त्याच्या पुढेमागे समितीचे अहवाल ठेवून वाचा. आरोग्यविषयक स्थायी समितीने नोव्हेंबर २०२० च्या १२३ व्या अहवालातच ऑक्सिजनच्या उपलब्धतेकडे आणि सिलिंडरच्या किमतीकडे लक्ष वेधलं होतं. म्हणजे दुसऱ्या लाटेच्या काही महिने आधी! सप्टेंबर २०२२ च्या १३७ व्या अहवालात तिने मंत्रालयाच्या नकारावर नाराजी नोंदवली आणि राज्यांच्या मदतीने अशा मृत्यूंचं ऑडिट करायला सांगितलं.

म्हणून समितीचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात आणि बैठका बंद दाराआड होतात. तरी मंत्रालयाचं म्हणणं आणि त्यावरचा आक्षेप एकाच ठिकाणी मिळतो, हे तिचं मोठं बळ. सरकारने शिफारशींचं काय केलं, ते पाहायला नंतरचा कार्यवाही अहवाल शोधायचा.

तुमच्या प्रबंधात 'संसदेनुसार' असेल तर आजच खोडा. सभागृह, तारीख, कागदाचा प्रकार आणि बोलणारा कोण, हे चार तपशील लिहा. माझ्या स्लाइडवर आता असं आहे : 'राज्यांनी कळवलं नाही, असं आरोग्य मंत्रालयाने राज्यसभेला सांगितलं.' वाक्य लांबलं, पण काकांच्या घरासमोरून जाताना आता मान खाली घालावी लागत नाही.