पदांवाचून 'संशयकल्लोळ'
देवलांच्या 'संशयकल्लोळा'चे १८९३ मधील मूळ रूप गद्य. 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे त्याचे नाव. ते संगीत होऊन रंगभूमीवर आले १९१६ साली. वडूजसारख्या गावी गायक नटांच्या अभावी हौशी मंडळींनी पदे गाळली, तर ती नकळत त्या मूळ नाटकाच्याच जवळ जातात. ही हानी नव्हे. अश्विनशेठ-रेवतीचा प्रणय मागे सरतो आणि फाल्गुनराव-कृत्तिकेचे भांडण नाटकाचा कणा ठरते. मात्र कृत्तिकेला नुसती कजाग रंगविण्याचा मोह घातक होय. मूर्च्छित रेवतीला सावरणारा पती तिने प्रत्यक्ष पाहिला आहे. त्यानेही तिच्या हाती परपुरुषाची तसबीर पाहिली आहे. दोघांचे पाहणे खरे, अनुमान तेवढे खोटे. प्रेक्षकाला हे आधीच ठाऊक असते; नटांनी आरडाओरड केली, की त्या जाणिवेतून येणारे हसू हरवते.