चार्ल्स सिमियन यांचे चरित्र आणि होली ट्रिनिटी पॅरिशचा कारभार : एक चिकित्सा

प्रस्तावना :
चार्ल्स सिमियन (१७५९-१८३६) हे इंग्लंडमधील अँग्लिकन चर्चच्या सुवार्तावादी प्रवाहाचे एक प्रमुख धर्मोपदेशक होते. केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्यांनी १७८२ पासून मृत्यूपर्यंत ५४ वर्षे सेवा केली. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या चर्च मिशनरी सोसायटीच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. या संस्थेचे कार्य पुढे मुंबई व नाशिकपर्यंत पोहोचले. सिमियन यांच्याविषयीचा मूलाधार ग्रंथ म्हणजे विल्यम कॅरस यांनी संपादित केलेले चरित्र (१८४७). त्यातील पॅरिशच्या संघर्षाच्या मांडणीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संघर्षाचे स्वरूप :
१७८२ मध्ये ही जागा रिक्त झाली तेव्हा तेथील साहाय्यक धर्मोपदेशक जॉन हॅमंड यांची नेमणूक व्हावी, अशी पॅरिशवासीयांची इच्छा होती. परंतु नेमणूक ईलीच्या बिशपच्या हाती होती आणि ती सिमियन यांना मिळाली. रविवारी दुपारच्या प्रवचनकाराची निवड मात्र पॅरिशवासी करीत असत. त्यांनी ते पद हॅमंड यांना व त्यानंतर दुसऱ्या एका धर्मोपदेशकाला दिले. सिमियन यांची त्या पदावर निवड होण्यास १७९४ साल उजाडले. दरम्यान आसनधारकांनी आपापल्या बंदिस्त आसनांना कुलपे लावली. सिमियन यांनी मधल्या मोकळ्या जागेत ठेवविलेली बाके चर्चवॉर्डनांनी बाहेर फेकून दिली.

चरित्रदृष्टीची मर्यादा :
कॅरस हे सिमियन यांचे सहकारी व त्याच चर्चमधील उत्तराधिकारी होते. सिमियन यांचे १८१३ मधील आत्मनिवेदन व पत्रव्यवहार त्यांनी जतन केला, हे त्यांचे मोठे कार्य होय. तथापि या साधनांमुळेच संघर्षाची कथा एका पक्षाच्या मुखातून येते. कुलूपबंद आसने ही सत्पुरुषाच्या सहनशीलतेची कसोटी ठरतात. मौल यांच्या १८९२ मधील चरित्रातही हाच सूर कायम आहे. पॅरिशवासीयांना मुख्य धर्मोपदेशक निवडण्याचा अधिकार नव्हता. दुपारचे प्रवचनपद, आसने आणि चर्चवॉर्डन एवढीच साधने त्यांच्या हाती होती आणि त्यांनी तीच वापरली. त्यांचे वर्तन कठोर होते, यात शंका नाही. परंतु केवळ अश्रद्धा म्हणून त्याची बोळवण केल्यास कारभाराचा मूळ प्रश्न दृष्टीआड होतो.

विश्वस्त मंडळ व त्यातील विसंगती :
त्या काळी इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक नेमण्याचा हक्क ही मालमत्ता होती. आपल्याकडील वतनाप्रमाणे तो वारसाने मिळे. शिवाय त्याची उघड खरेदी-विक्रीही होई. सिमियन यांनी १८१७ पासून असे हक्क विकत घेऊन ते विश्वस्तांच्या स्वाधीन केले. १८३५ च्या कायद्याने नगरपालिकांना आपले हक्क विकणे भाग पडले, तेव्हा बाथसारख्या शहरातील हक्कही त्यांनी मिळविला. धनवंतांची शिफारस किंवा उमेदवाराची गरिबी यांचा विचार न करता केवळ पात्रता पाहावी, असा त्यांचा विश्वस्तांना आदेश होता. वशिल्याच्या त्या युगात ही निःसंशय मोठी सुधारणा होती. परंतु त्याच आदेशात, एखाद्या साहाय्यक धर्मोपदेशकासाठी पॅरिशने अर्ज केल्यास विशेष सावध राहावे, असेही बजावले आहे. हे कलम वाचताना हॅमंड प्रकरणाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ज्या व्यवस्थेत पॅरिशचे मत डावलले गेल्याने संघर्ष उद्भवला, तीच व्यवस्था सिमियन यांनी अधिक शुद्ध हेतूने दृढ केली. कॅरस यांच्या चरित्रदृष्टीला ही विसंगती जाणवत नाही.

निष्कर्ष :
१९२१ च्या नियमाने पॅरिश मंडळांना वैधानिक अधिकार मिळाले. १९८६ च्या नियमाने धर्मोपदेशकाच्या नेमणुकीस पॅरिशच्या प्रतिनिधींची संमती आवश्यक ठरली. मात्र त्यांचा नकार अंतिम नसून त्यावर आर्चबिशपकडे दाद मागता येते. होली ट्रिनिटीच्या पॅरिशवासीयांना १७८२ मध्ये जे हवे होते, त्याचा काही अंश अशा रीतीने दोन शतकांनी मान्य झाला. सिमियन यांची निष्ठा व चिकाटी यांचे मोल याने उणावत नाही. परंतु उपदेशकाची योग्यता आणि त्याच्या नेमणुकीची न्याय्यता हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर कॅरस यांच्या ग्रंथात विपुल मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी कुलूप लावणाऱ्यांची बाजूही वाचावी लागते.