मुके चित्र

पिंपळगाव राजातील आमच्या ओसरीवर यंदा मी चित्रकथीचे एक चित्र टांगले. रथात उभा इंद्रजित, एका बाजूने दिसणारा चेहरा, टपोरा डोळा. पाहुणे वाखाणतात, मला मात्र ते निर्जीव वाटे. मग उमगले, दोष चित्राचा नव्हे, भिंतीचा! सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची, सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने वाढलेली ही कला पोथीची. एकेक पान उचलून दाखवायचे आणि वीणा, हुडुक, टाळांच्या साथीने कथा गायची. डोळ्यातला भाव गाणाऱ्याच्या गळ्यातून यायचा. २०२१ साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, ती या गळ्यालाही. परवा चित्र उतरवून, समईच्या उजेडात नातवंडांपुढे धरून लंकेची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे रथ हलला.