मागणे शिकवले, थांबणे कसे शिकवायचे?

आपली अडचण सांगता न येणारे मूल डोके आपटते, चावते, पाटी फेकते. हेही एक प्रकारचे मागणेच असते, हे एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली चार मुलांवरील प्रयोगांतून दाखवले. काम अवघड झाले किंवा मोठ्यांचे लक्ष कमी पडले की ही मुले बिथरत. 'मला समजत नाही' किंवा 'माझं बरोबर चाललंय का?' एवढे विचारायला शिकवल्यावर त्रासदायक वर्तन बरेच घटले. या पद्धतीला कार्यात्मक संप्रेषण प्रशिक्षण म्हणतात.

खरी पंचाईत पुढेच आहे. समजा, मेहकर तालुक्यातील एखाद्या दोनशिक्षकी शाळेत असे मूल मागायला शिकले. आता ते घडीघडी मागणार. गुरुजींपुढे दोन वर्ग. ते दर वेळी धावणार कसे? आणि धावले नाहीत, तर डोके आपटणे पुन्हा सुरू होण्याची भीती. म्हणून प्रतिसाद, म्हणजेच प्रबलन, हळूहळू विरळ करावे लागते. ज्वारीची विरळणी केलेल्यांना यातली जोखीम वेगळी सांगायला नको.

ग्रेगरी हॅन्ली, ब्रायन इवाटा आणि रेचेल थॉम्पसन यांचा २००१ सालचा शोधनिबंध याच प्रश्नावर आहे, आणि आमच्या मते तो शिक्षकांनी समजून घ्यावा असा आहे. त्यांनी निरनिराळ्या रचना ताडून पाहिल्या. मागितल्यानंतर देण्यास उत्तरोत्तर अधिक उशीर केला, तेव्हा मागणेच विझून गेले. ('थांब जरा, देतो' हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो!) ठरावीक काळ उलटल्यावरच्या पहिल्या मागणीला प्रतिसाद दिला, तेव्हा मागण्यांचा भडिमार झाला. तिसऱ्या रचनेत खुणेची पत्रके वापरली: एक पत्रक दिसले की मागितलेले लगेच मिळते, दुसरे दिसले की मिळत नाही. ही रचना टिकली. शेवटी मिळण्याचा काळ एक मिनिट आणि न मिळण्याचा चार मिनिटे इथवर मजल गेली. मागणे बेताचे राहिले, त्रासदायक वर्तनही कमीच राहिले.

कारण साधे आहे. उशिराच्या रचनेत 'आज नाही' आणि 'कधीच नाही' यांतला फरक मुलाला कळायला काहीच आधार नसतो. पत्रकामुळे तो डोळ्यांना दिसतो.

तरीही आमचे दोन आक्षेप आहेत. प्रयोग तीनच व्यक्तींवर झाला, तोही एका व्यक्तीकडे लक्ष देणारा प्रशिक्षक असताना. चार मिनिटे म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासिकेचा जेमतेम नववा भाग. दुसरा आक्षेप अधिक गंभीर वाटतो: त्या चार मिनिटांत मुलाने करायचे काय? थांबणे रिकामे ठेवले, तर पत्रक म्हणजे नुसती मनाईची पाटी होते. हॅन्ली यांनीच पुढे सहकाऱ्यांसह केलेल्या कामात हा कच्चा दुवा हेरला. महशीद घेम्माघामी व जोशुआ जेसेल यांच्यासह २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुसता वेळ संपल्यावर देण्यापेक्षा, थांबण्याच्या काळात मुलाने काही योग्य काम केल्यावर देणे अधिक गुणकारी ठरले. आमच्या वर्गांना ही दुरुस्ती मूळ रचनेपेक्षा जवळची आहे. चिंचोके मोजायला दिले, दहा झाले की गुरुजी येतात. आधी दोनच, मग पाच, मग दहा.

पत्रके मात्र टाकून देऊ नयेत. पुठ्ठा आणि रंग कुठल्याही शाळेत मिळतो. मात्र न मिळण्याचे पत्रक लावून गुरुजी कार्यालयात माहितीचे तक्ते भरायला गेले आणि तासभर परतलेच नाहीत, तर दुसऱ्या दिवशी ते पत्रक पाहूनच मूल पाटी उचलेल.