पुळण आणि पाषाण

सकाळी वेळासच्या पुळणीवर कासवांची पिल्ले पाहावीत आणि संध्याकाळी हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग चालावा. मध्ये सावित्रीची खाडी आहे. अलीकडे रत्नागिरीतला मंडणगड, पलीकडे रायगडातला श्रीवर्धन, आणि वेश्वी ते बागमांडले फेरीबोट. एवढ्याशा अंतरात एकच समुद्र दोन निराळ्या हातांनी काम करताना दिसतो. या दिवसाचा सारा रस त्या निराळेपणात आहे.

निघण्याआधी तिथी मात्र पाहावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी ऐन दुपारी. वेळ सोयीची वाटते, पण ती भांगाची ओहोटी, पाणी फारसे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी लागते. तेव्हा सकाळी पुळण लांबच लांब मोकळी असते आणि दिवस कलताना हरिहरेश्वरचा खडक दूरवर उघडा पडतो. माझ्या मते हा दिवस उधाणाचाच निवडावा.

ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी कोल्हे, कुत्री आणि माणसे उकरून नेत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. रात्री मादी अंडी घालून गेली की ती अलगद काढून कुंपणातल्या तशाच खड्ड्यात ठेवतात, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर. पन्नासेक दिवस त्यांना वाळूची ऊब मिळते, आणि पिल्लू नर होणार की मादी हेही ती ऊबच ठरवते. मग एका सकाळी घरट्यावरची टोपली उचलली की खाली करड्या-काळ्या पिल्लांची वळवळ दिसते.

त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत, लाटांपासून थोड्या अंतरावर वाळूवर ठेवतात. आपला किनारा पिल्लाच्या ठायी याच चालण्यात ठसतो, असे अभ्यासक मानतात. इथे बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीबाहेरच, पण उभे न राहता खाली बसावे आणि एकाच पिल्लावर नजर ठेवावी. एका बाजूचा वल्ह्यासारखा पुढचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, असे आळीपाळीने टाकत ते पुढे सरकते आणि वाळूवर दुपदरी नक्षी उमटते. मध्येच थांबते, मान उचलते. पहिली लाट त्याला उलटे लोटते, पुढची घेऊन जाते, आणि तीच लाट नक्षीही पुसते. ओडिशात गहिरमाथ्याला कासवे लाखांनी येतात. ते दृश्य भव्य खरे. पण कोकणात मादी एकटी येते, म्हणून इथे एकेका जिवाची चाल न्याहाळता येते. रसिकाला मी आधी वेळासच सुचवीन.

आम्ही लखनौला विकास नगरात राहतो. तिथून जवळच्या कुकरैलच्या जंगलात घडियालांची अंडी अशीच उबवतात. चंबळ-घाघरेच्या काठावरून आणलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले तिथे मीटरभर लांब होईपर्यंत काही वर्षे हौदात वाढवून मग नदीत सोडतात. ते पाहिलेल्या डोळ्यांना वेळासचे हे निरोप फारच लवकरचे वाटतात. जन्मल्या दिवशीच समुद्र! गळा दाटून येतो, दर खेपेला.

फेरीतून उतरल्यावर वेग बदलतो. हरिहरेश्वरला देवळामागून चढून गेले की दुभंगलेल्या खडकातून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. खाली लाटांनी कातून सपाट केलेला काळा पाषाण पसरलेला असतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तरंगघर्षित मंच म्हणतात. तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. कड्याच्या अंगावर पहा : मधाच्या पोळ्यासारखी जाळी, भोकाला लागून भोक. लाटांचे तुषार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे कण सुटतात. खोलगटात ओल टिकते, म्हणून तो आणखी खोल होतो. मधल्या भिंती उरतात. सकाळी वाळूवरची रेघ क्षणात पुसणारे हेच पाणी इथे शतकानुशतके कोरत बसले आहे, आणि कोरलेले पुसत नाही.

या जागेला प्रदक्षिणा ठरवणाऱ्याचे मला फार कौतुक वाटते. डोंगर उजव्या हाताला, समुद्र डाव्या, आणि वाट ओहोटीपुरतीच. त्यामुळे हातातले काम आणि ते करणारा कारागीर एकाच वेळी नजरेत राहतात. उजवा तळवा त्या जाळीवर ठेवून चाला. कडा उन्हाने तापलेल्या, आतली भोके गार. मध्येच कुंडांत अडकलेले पाणी लागते, त्यात छोटे मासे, काठाला चिकटलेल्या शिंपल्या. शेवाळ्यावर पाय जपून टाका. पाणी पुन्हा चढू लागले की थांबू नका, फोटोसाठीही नाही. या खडकावरून लाटांनी माणसे नेलेली आहेत.